हवेत गेल्यावर ग्लो इंजिन तापून बंद का पडते?

आपल्या मॉडेल विमानाचे 46 आकाराचे (साधारण 7.5 सीसी) दोन स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या ग्लो प्लगने मिथेनॉलचे इंधन पेटवणारे) जमिनीवर उत्तम चालते, परंतु उड्डाणानंतर तीन-चार मिनिटांत त्याचा आवाज बसू लागतो आणि ते तापून बंद पडते, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते, इंजिनावर संशय घेण्याआधी सुई (इंजिनात जाणारे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) कोठे बसवली आहे ते पाहावे.

या इंजिनाला थंड ठेवण्याचे बरेचसे काम इंधनच करते. मिथेनॉलची वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषून घेते आणि वंगणाचे तेलही त्याच इंधनात मिसळलेले असते. त्यामुळे सुई जास्त आवळली की थंडावा आणि वंगण दोन्ही एकदमच घटतात. विमानाने वेग घेतला की प्रॉपेलरवरचा भार हलका होतो, फेरे वाढतात, इंधनाची मागणी वाढते आणि त्याच वेळी टाकीतील पातळी खाली जात असते. जमिनीवर अगदी काठावर बसवलेले हवा-इंधनाचे मिश्रण म्हणूनच वर गेल्यावर लीन होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते.

पूर्ण थ्रॉटलवर फेरे कमाल होईपर्यंत सुई आवळावी आणि मग टॅकोमीटरवर (फेरे मोजणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला 300 ते 400 फेरे उतरतील इतकी ती सैल करावी. त्यानंतर मदतनिसाला विमान घट्ट धरून त्याचे नाक सरळ वर करायला सांगावे. फेरे किंचित वाढून स्थिर राहिले तर ठीक. आवाज खाली बसला तर सुई आणखी एक-दोन खाचा सैल करावी. सुईला हात नेहमी प्रॉपेलरच्या मागूनच लावावा, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

मे महिन्याच्या दुपारी बसवलेली सुई डिसेंबरच्या पहाटे तशीच ठेवू नये. थंड हवा दाट असते, तिच्यासाठी इंधन जास्त लागते. पुण्यात बसवलेले इंजिन अलिबागच्या किनाऱ्यावर नेल्यास हेच घडते, कारण तिथली हवाही पुण्यापेक्षा दाट असते.

सुई योग्य असूनही त्रास होत असेल तर टाकी उघडावी. माझ्या एका विमानात आतल्या लवचीक नळीला, तिच्या टोकाला लावलेल्या वजनाजवळच टाचणीएवढे भोक पडले होते. टाकी भरलेली असेपर्यंत सारे सुरळीत चाले, अर्धी झाली की नळीत बुडबुडे येत. नळी पाण्यात बुडवून फुंकली तेव्हा कोठे ते भोक दिसले. काउलिंग (इंजिनावरचे आवरण) असल्यास हवा बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी, शक्यतो दुप्पट असावी. पुढे भलेमोठे तोंड आणि मागे फट, अशा रचनेत हवा आतच कोंडते.

हवेत आवाज बसल्याचे जाणवताच थ्रॉटल कमी करून विमान उतरवावे. तेल आटलेल्या अवस्थेत आणखी एक फेरी मारण्याच्या मोहात पिस्टन आणि स्लीव्हवर (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीवर) ओरखडे पडतात आणि मग सुई कितीही फिरवली तरी कॉम्प्रेशन परत येत नाही.