डान्स म्युझिक कायदेशीररीत्या विकत घेऊन डाउनलोड कुठून करावे?

हाउस आणि टेक्नोची गाणी कायदेशीररीत्या विकत घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवता येतील अशा जागा कोणत्या, आणि तीच गाणी फुकट मिळत असताना पैसे मोजण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या भागावरूनच माझे आणि माझ्या मावसभावाचे बिनसले होते, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

आम्ही दोघे पुण्यात लग्नसमारंभांसाठी डीजे आणि साऊंडचे काम करत होतो. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, धंदा त्यानेच उभा केलेला, आणि गाण्यांचा आमचा साठा म्हणजे त्याने कोणाकडून तरी भरून आणलेली 2 टीबीची हार्ड डिस्क. नाशिकला एका लग्नाच्या संगीत कार्यक्रमात वधू मंचाकडे येत असताना मी त्या डिस्कवरचे एक हाउस रिमिक्स लावले. हेडफोनवर ते मी दोन-तीनदा ऐकले होते, पण पहिल्या दीड मिनिटापुढे कधी गेलो नव्हतो. वधूने मंचाच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले आणि नेमके तेव्हाच संगीत क्षणभर थांबून सगळ्या स्पीकरमधून भलत्याच एका डीजेचे नाव तीनदा घुमले. ज्याने ती फाइल पसरवली होती त्याने गाण्याच्या मधोमध आपल्या नावाचा शिक्का मारून ठेवला होता. थोड्या वेळाने वधूचे वडील माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "आम्ही तुम्हालाच बोलावलं होतं ना?" ठरलेले पैसे त्यांनी पूर्ण दिले. ते वाक्य मात्र मला अजून ऐकू येते.

पुण्याला परतल्यावर नेहमीच्या वापरातली 60 गाणी मी स्पेक या मोफत प्रोग्रॅममध्ये एकेक करून उघडली; फाइलमधला आवाज तो आलेखात दाखवतो. प्रत्येक फाइलच्या नावात 320 लिहिलेले होते, म्हणजे दर सेकंदाला 320 किलोबिट (केबीपीएस) माहिती, एमपी3 मधला सर्वांत वरचा दर्जा. परंतु 40 हून अधिक गाण्यांच्या आलेखात 16 किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे सर्वांत तीक्ष्ण आवाजांच्या जागी, काळोख होता, सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. मूळ 128 केबीपीएसची फाइल पुन्हा 320 मध्ये बदलली की ती आकाराने फुगते, पण एकदा गाळला गेलेला आवाज परत येत नाही, आणि मोठ्या सिस्टीमवर हाय-हॅट (ड्रमच्या झांजांचा आवाज) फसफसू लागतो. दादाचे म्हणणे एकच होते, "लोक नाचतात ना? मग झालं." लोक नाचतात म्हणूनच आपल्याला बोलावतात, मग एका रात्रीचे 40 हजार घेणाऱ्याने ज्याच्या गाण्यावर लोक नाचले त्याला दीडशे-दोनशे रुपये का देऊ नयेत, याचे उत्तर त्याने आजवर दिलेले नाही.

आता जागा. हाउस, विशेषतः सोलफुल आणि डीप हाउस हे त्याचे उपप्रकार हवे असतील तर 2003 पासून चालू असलेले ट्रॅक्ससोर्स हे संकेतस्थळ पाहावे. टेक्नोसह बाकी बहुतेक प्रकारांसाठी 2004 मध्ये सुरू झालेले बीटपोर्ट, आणि तिथे न सापडणाऱ्या लहान लेबलांसाठी (गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांसाठी) लंडनचे जुनो डाउनलोड. माझी पहिली पसंती मात्र बँडकॅम्पला आहे. डिजिटल विक्रीवर ते 15 टक्के घेतात आणि व्यवहाराचा खर्च वजा जाता उरलेले पैसे कलाकाराला किंवा लेबलला मिळतात. शिवाय एकदा पैसे भरले की एमपी3, किंवा आवाज न गाळता साठवणारे फ्लॅक, वेव्ह, एआयएफएफ यांपैकी हवे ते स्वरूप निवडता येते. बीटपोर्टवर वेव्हसाठी वेगळे पैसे पडतात. सहा मिनिटांचे गाणे 320 च्या एमपी3 मध्ये साधारण 14 एमबीचे होते आणि वेव्हमध्ये 60 एमबीच्या पुढे जाते. मी एआयएफएफ घेतो, कारण गुणवत्ता वेव्हइतकीच असून गाण्याची माहिती आणि मुखपृष्ठ फाइलमध्ये नीट टिकते. भारतीय कार्डाने पैसे भरताना व्यवहार अडला, तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का ते आधी पाहावे.

स्ट्रीमिंग ॲपमधले 'डाउनलोड' यात धरू नये. ती फाइल त्या ॲपबाहेर उघडत नाही आणि वर्गणी थांबली की जाते. हिंदी-मराठी चित्रपटगीतांसाठी वरील दुकाने फारशी उपयोगाची नाहीत. फ्लिपकार्टने 2012 मध्ये 'फ्लाइट' नावाचे एमपी3 चे दुकान उघडले होते, ते 2013 मध्येच बंद झाले, आणि फुकट फायलींच्या सवयीचा त्यात मोठा वाटा होता असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. फाइल विकत घेतल्याने ती सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचा हक्क मिळत नाही. क्लबमध्ये किंवा तिकीट लावलेल्या कार्यक्रमात पीपीएल, आयपीआरएस यांसारख्या, गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांचा परवाना लागतो आणि तो सहसा आयोजक किंवा जागेचा मालक काढतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 मध्ये वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभांना सवलत आहे, पण तिच्या मर्यादेवरून वाद झालेले आहेत. तेव्हा व्यवसाय करणार असाल तर वकिलाला विचारूनच ठरवावे. ती सवलत गाणे वाजवण्यापुरती आहे, चोरलेली फाइल त्यामुळे आपली होत नाही. दादा नेमकी हीच गल्लत करत असे.

गेल्या महिन्यात त्याने माझ्याकडे एका गाण्याची फाइल मागितली. मी फाइल दिली नाही, बँडकॅम्पवरचा त्या गाण्याचा दुवा पाठवला. संदेश त्याने वाचला आहे. गाणे घेतले की नाही, ते अजून कळवलेले नाही.