'सेन्सर वाचून' की 'सेन्सरवाचून'?

फोंड्याहून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : मांडवीतल्या बार्जच्या इंजिनखोलीत बसवायच्या एका इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी तिचा गट बूटलोडरमध्ये (बोर्ड चालू होताच लिनक्स ही कार्यप्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) तापमान पाहण्याची सोय करीत आहे. त्याची माहितीपुस्तिका मराठीत लिहिताना त्यांनी 'सेन्सर वाचणे' असे लिहिले, तर मार्गदर्शकांनी 'संवेदक-वाचन' सुचविले. यांतले योग्य कोणते?

'सेन्सर' की 'संवेदक' हा प्रश्न मला गौण वाटतो. 'संवेदक' हा चांगला शब्द आहे, पण बोर्डावर हात असणारी माणसे 'सेन्सर'च म्हणतात, आणि दोन्ही शब्द अर्थाला धक्का लावीत नाहीत. खरी अडचण 'वाचणे' या क्रियापदात आहे आणि ती दोन्ही पर्यायांत तशीच राहते.

मराठीत 'वाचणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पुस्तक वाचणे हे एक आणि अपघातातून वाचणे हे दुसरे. जुन्या लेखनात दुसऱ्याच्या डोक्यावर अनुस्वार असे, 'वांचणें'; शिवायच्या अर्थाचा 'वांचून'ही तसाच लिहीत. १९६२च्या लेखननियमांनी, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि दोन्ही रूपे कागदावर एक झाली. आपल्या शेजारच्या कोंकणीत मात्र 'वाचप' आणि 'वांचप' हा भेद आजही कानाला ऐकू येतो, म्हणून गोव्यातल्या वाचकाला हा घोटाळा चटकन उमगावा.

आता बूटलोडरचा संदेश पाहा : 'सेन्सर वाचला नाही'. आकडा मिळाला नाही, की सेन्सर जळाला? वाक्यात कर्ता असता, 'बूटलोडरने सेन्सर वाचला नाही' असे असते, तर 'ने'मुळे शंका उरली नसती. पण संदेशात कर्ता सहसा गाळला जातो. 'सेन्सर वाचता आला नाही' असे लिहिले की तेथे फक्त पहिलाच अर्थ निघतो. याहून घातक जागा सूचनेत आहे. 'सेन्सर वाचून पुढे जा' आणि 'सेन्सरवाचून पुढे जा' यांत फरक केवळ एका मोकळ्या जागेचा आहे, आणि त्या जागेवर अर्थ नेमका उलटतो : एकात आधी तापमान पाहायचे आहे, दुसऱ्यात न पाहताच लिनक्स सुरू करायचे आहे. टंकताना ती जागा किती सहज निसटते, हे मुद्रितशोधन केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मग लिहावे काय? घरी वीजखात्याचा माणूस येतो तेव्हा तो मीटर 'वाचतो' असे कुणी म्हणत नाही. तो 'रीडिंग घेतो'. थर्मामीटरही ताप 'वाचत' नाही, 'दाखवतो'. तयार वाक्प्रयोग हाताशी असताना 'वाचन' घडवण्याचे कारण मला दिसत नाही.

शिवाय 'वाचन' म्हटल्याने नेमके काय मिळाले हे झाकले जाते, आणि इंटरफेस, म्हणजे दोन भागांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण कशी करायची ते, आखताना तेच सर्वांत महत्त्वाचे असते. टीएमपी १०२ या तापमान-सेन्सरकडून आय-टू-सी या चिपांना जोडणाऱ्या वाहिनीवरून दोन बाइट, म्हणजे सोळा बिट, येतात. नेहमीच्या मांडणीत त्यांतले बारा बिट कामाचे असतात. त्यांचा आकडा ४०० निघाला, तर दर पायरीला ०.०६२५ अंश या हिशेबाने तापमान २५ अंश सेल्सिअस होते. लिनक्सचा हार्डवेअर-मॉनिटर इंटरफेस हेच तापमान २५००० असे देतो, कारण तेथे एकक अंशाचा हजारावा भाग आहे आणि पूर्णांकातच काम भागते. ४००, २५ आणि २५००० या तिघांनाही 'वाचन' म्हटले, तर पुस्तिका वाचून बूटलोडरमधली तापमानाची मर्यादा ठरवणारा माणूस कोणता आकडा धरणार? म्हणून पहिल्याला 'कच्चा आकडा' आणि उरलेल्या दोघांना एककासह 'तापमान' म्हणावे, आणि हे एकक इंटरफेसच्या वर्णनात पहिल्याच ओळीत सांगावे.

'इंटरफेस'साठी 'आंतरपृष्ठ' लिहिण्याचा आग्रह मी धरणार नाही. तो शब्द वाचून कुणालाही बोर्ड आठवत नाही.

तेव्हा तुमच्या पुस्तिकेत मी अशी वाक्ये लिहीन : 'बूटलोडर सेन्सरचे रीडिंग घेतो', 'रीडिंग मिळाले नाही', 'सेन्सर निकामी आहे', आणि जेथे तापमान न पाहता पुढे जायचे असेल तेथे 'सेन्सरशिवाय पुढे जा'.