वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी काय तयारी करावी आणि नंतर किती दिवसांत ऑफिसला जाता येतं? घरचे ‘शॉर्टकट’ म्हणून विरोध करताहेत.

वय ३४, वजन ११६, सर्जननी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, सुचवलीय आणि घरून ‘थोडं चाललास तर आपोआप उतरेल, हा शॉर्टकट कशाला’ असं चाललंय, एवढं तुम्ही लिहिलंय. तयारीचं सांगते, पण आधी त्या शॉर्टकटचा निकाल लावू. तो टोमणा मी इतका ऐकलाय की अजून डोकं फिरतं.

मी साताऱ्याची, शाळेत शिकवते. ऑपरेशनआधी वजन १०९ किलो, उंची १५८ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४३ च्या वर. शुगर होती, बीपी होतं आणि घोरणं असं की मिस्टर उशी घेऊन हॉलमध्ये जायचे. चालले नाही असं कोण म्हणेल? मी पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ चढत होते तेव्हा हे सल्ले देणारे गोधडीत होते. दिवसातून दोनदाच जेवायचं ते केलं. रात्रीची भाकरी सोडून सूप प्यायचं तेही केलं. चौदा किलो उतरले आणि व्याजासकट परत आले. वजन उतरलं की शरीर ते परत मागतं: भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, वाढतं आणि बसल्या जागी जळणारी ऊर्जा कमी होते. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आणि घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणून पहिले काही महिने बहुतेकांना भूक अशी लागतच नाही. जिद्द कमी पडते म्हणून ऑपरेशन करावं लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एवढंच वाचावं आणि पुढे जावं.

आता आमच्या वन्सं. मिस्टरांची थोरली बहीण, कराडला असतात. बाई प्रेमळ आहेत, पण त्यांचं प्रेम ताटातून येतं आणि ताट रिकामं दिसलं की त्यांना अपमान वाटतो.

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे लिक्विड डाएट असतं. ताकात किंवा साय काढलेल्या दुधात प्रोटीन पावडर, वरणाचं निवळ पाणी, भाज्यांचं गाळलेलं सूप. लोकांना वाटतं ही वजन उतरवण्याची सुरुवात. खरं कारण लिव्हर. त्याचा डावा भाग जठरावर आडवा पसरलेला असतो आणि आपल्यासारख्यांचं लिव्हर चरबीनं फुगलेलं असतं. दुर्बिणीतून काम करताना ते बाजूला धरावं लागतं, मोठं असलं की नीट दिसत नाही, रक्त येऊ शकतं. कॅलरी कमी केल्या की ते पंधरवड्यात चांगलंच आक्रसतं. म्हणजे हे पथ्य तुम्ही सर्जनच्या हातासाठी पाळताय. ‘एका दिवसानं काय होतंय’ हे इथे चालत नाही.

नेमक्या त्याच पंधरवड्यात वन्संच्या लेकीचं केळवण आमच्याकडे. मामाकडचं केळवण टाळता येत नाही आणि मला टाळायचंही नव्हतं. पुरण मीच शिजवलं, मीच वाटलं. कटाच्या आमटीची चव घ्यायला सासूबाईंना बोलावलं, त्यांनी मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, मी घातलं. माझ्या पानापाशी मी स्टीलच्या ग्लासात ताक घेऊन बसले होते. वन्सं वाढायला उठल्या. माझ्या पानात पोळी टाकली, वर तूप सोडलं आणि म्हणाल्या, “खा गं एक. तसंबी कापूनच टाकणार हायेत न्हवं पोट?”

सगळी पंगत हसली. नवरी मुलगीसुद्धा.

मिस्टरांनी माझ्या पानातली पोळी उचलली, स्वतःच्या पानात ठेवली आणि खाल्ली. बोलले काही नाहीत. त्यांनी तिथे चार शब्द बोलायला हवे होते, हे मी आजही म्हणते आणि ते आजही ‘पोळी खाल्ली ना मी, अजून काय’ म्हणतात.

म्हणून तुम्हाला तयारीतली पहिली गोष्ट ही सांगते की घरातलं एक माणूस आपल्या बाजूला करून घ्या. फक्त ‘पाठिंबा आहे’ म्हणणारं नको, पंगतीत तोंड उघडणारं हवं. त्याला डाएटिशियनसमोर सोबत बसवा, कागद त्याच्या हातात द्या. आईवडिलांना सर्जनकडे घेऊन जा. तुम्ही सांगून पटणार नाही ते पांढऱ्या कोटातल्या माणसानं सांगितलं की पटतं, हे आपल्याकडचं सत्य आहे.

तपासण्यांची यादी हॉस्पिटल देईलच. रक्त, सोनोग्राफी, हृदयाचा इको, थायरॉईड, बी-१२, डी, लोह हे सगळीकडे असतं. दोन गोष्टी मात्र मागून घ्या. घोरत असाल तर झोपेची तपासणी, कारण स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळायला हवं. आणि एंडोस्कोपी. जुनी ॲसिडिटी, रात्री घशाशी येणं असं काही असेल तर स्लीव्हनं ते वाढू शकतं, मग गॅस्ट्रिक बायपासचा, म्हणजे वजनाच्याच दुसऱ्या ऑपरेशनचा, विचार करतात. ‘स्लीव्ह सोपी’ एवढ्यावर हो म्हणू नका. सिगारेट ओढत असाल तर आत्ताच बंद, किमान दीड महिना आधी. फुप्फुसांच्या व्यायामाला तीन चेंडूंचं यंत्र देतात, ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून चेंडू वर न्यायचे असतात. घरी आणून आधीपासून करा.

विम्याचं. बहुतेक पॉलिसींत अट असते: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि जोडीला आटोक्यात नसलेली शुगर, गंभीर स्लीप ॲप्निया, हृदयविकार यांपैकी काही. शिवाय वेटिंग पिरियड, तो बऱ्याच ठिकाणी दोन-तीन वर्षांचा. माझी फाईल कॅशलेसला अडकली होती, कारण ‘आधी दुसरे उपाय केल्याचा पुरावा’ हवा होता. डाएटिशियनच्या पावत्या, जुन्या प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेली वजनं, सगळं मी बोहारणीला द्यायच्या कपड्यांखाली गाठोडं बांधून ठेवलं होतं, ते कामाला आलं. तुम्हीही कागद टाकू नका.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पोटावर चार-पाच छिद्रं, संध्याकाळी उठवून चालवलं. टाक्यांपेक्षा खांदा दुखत होता, पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे दुखतो तो. चाललं की कमी होतं. मग सुरू होतो औषधाच्या छोट्या कपाचा संसार: ३० मिली पाणी, घोट घोट, संपायला पाव तास. एका दमात प्यायचं म्हटलं तर छातीच्या मधोमध दगड बसतो.

घरी आल्यावर वन्सं भेटायला आल्या, डब्यात डिंकाचे लाडू घेऊन. बाळंतिणीला देतात तसे, साजूक तुपातले. “कापलंय, भरून यायला तूप लागतंच,” म्हणाल्या. इकडे माझं वरणाचं पाणी चाललेलं. साधारण दोन आठवडे पातळ, मग दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि घन जेवण साधारण दीड महिन्यानं, हा सर्वसाधारण क्रम. तुमच्या डॉक्टरांचा वेगळा असेल तर त्यांचाच पाळा. आत स्टेपलची लांब शिवण असते, ती भरायला वेळ लागतो. लाडू शेजारच्या पोरांनी संपवले.

घन जेवण सुरू झाल्यावरची गंमत कोणी आधी सांगत नाही. पोट भरल्याची खूण पोटातच कळते असं नाही. मला नाक वाहायला लागतं. काहींना उचकी येते, काहींना शिंक. ती खूण आली की पुढचा घास खाली ठेवायचा, तोंडात असलेलासुद्धा. कोरडी चपाती आणि मोकळा भात हे सुरुवातीचे शत्रू, अडकले की तोंडाला नुसता फेस येतो आणि बेसिनपाशी उभं राहावं लागतं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा. दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन लागतं आणि एका अंड्यात सहाच ग्रॅम असतं, म्हणजे शाकाहारी माणसानं पावडर, पनीर, घट्ट दही यांच्याशी दोस्ती करायची. चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके येतील. घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात, प्रोटीन आणि लोह नीट घेतलं तर.

माझी शुगरची औषधं डिस्चार्जच्या वेळीच कमी केली होती आणि पुढे बंद झाली. ज्यांची शुगर जुनी आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यांची पूर्ण जाईलच असं नाही.

शॉर्टकटचा टोमणा पुन्हा ऐकला तो वास्तुशांतीला. वर्षभरानं दिरांच्या नव्या घरी सगळं गणगोत जमलं होतं. माझं वजन तेव्हा सत्तरच्या आसपास, बायका साडीचा काठ धरून विचारत होत्या काय केलंस. वन्सं तिकडून मोठ्यानं, “काय करतीय, शॉर्टकट मारला. आमी बघा, रोज चालतो.” मी म्हटलं, “वन्सं, तुमचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हा मी कोल्हापूरला दवाखान्यात तुमच्या उशाशी होते. चालून चालून बरे का नाही केलेत?” पंगतीतलं हसू नव्हतं या वेळी. त्यांनी दिवाळीपर्यंत फोन केला नाही, आणि अजून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढंच आहे. मला त्याचं वाईट वाटतं, पण बोललेलं मी मागे घेणार नाही. झिजलेला गुडघा बदलला की ‘किती सोसलं बिचारीनं’, हृदयाची बायपास केली की ‘मोठ्या संकटातून वाचला’, आणि लठ्ठपणाचं ऑपरेशन केलं की शॉर्टकट. नितीन गडकरींनी २०११ मध्ये हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा ते भाजपचे अध्यक्ष होते, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. त्यांना कोणी पंगतीत हसलं असेल असं मला वाटत नाही. वन्सं हे वाचणार नाहीत, त्यांचा मुलगा वाचतो, तर बाळा, आईला दाखव.

आता ज्या गोष्टी वर सांगायला हव्या होत्या त्या. ऑपरेशन सुरक्षित आहे, पण ऑपरेशनच आहे. घरी आल्यावर नाडी १२० च्या पुढे, ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, धाप, यांतलं काहीही झालं तर शिवणीतून गळती असू शकते. सकाळची वाट बघायची नाही, त्याच सर्जनकडे त्याच क्षणी. दिवसभर उलट्या थांबत नसतील तरी तसंच, कारण त्या चालूच राहिल्या तर व्हिटॅमिन बी-१ कमी होऊन नसांवर परिणाम होतो. व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर, कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास ठेवायचे. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी काही डॉक्टर गोळी देतात, विचारून घ्या. घरात सून-मुलगी कोणी हे करणार असेल तर पुढचं वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नाहीत. दारू लवकर आणि जास्त चढते.

आणि वजन परत वाढू शकतं. माझं सर्वांत कमी ६९ झालं होतं, आज ७३ आहे. आइस्क्रीम, फरसाण, चहासोबतची बिस्किटं, यांना त्या छोट्या पोटातही आरामात जागा होते. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन भारतात आल्यापासून मला रोज कोणीतरी विचारतं, आता इंजेक्शन असताना कापायचं कशाला. ज्यांना झेपतं, परवडतं त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. पण थांबवलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, तेव्हा खर्चाचं गणित काही महिन्यांचं मांडू नका. आणि गंमत बघा, इंजेक्शन घेणाऱ्यालाही वन्सं शॉर्टकटच म्हणतात.

ऑफिसचं राहिलंच. बसून काम असेल तर लोक दोन-तीन आठवड्यांत जातात. मी दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकली होती, कारण शाळेत दिवसभर उभं राहून बोलावं लागतं आणि सुरुवातीला घशाला कोरड पडली तरी घटाघटा पाणी पिता येत नाही. तुम्ही टेबलावर बाटली ठेवा, दिवसभरात दीड लिटर घोट घोट गेलं पाहिजे. डब्यात काय आहे हे कॅन्टीनमध्ये चारजण वाकून बघतील, काय सांगायचं ते आधी ठरवून जा. जड उचलणं दीड महिना तरी बंद. गाडीला किक मारायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि गॅसची टाकी वडिलांना बदलू द्या, नाहीतरी ते चाला-चाला म्हणताहेतच.