शांतता कराराची तारीख निवडणूक बघून ठरते का?

तुमचा प्रश्न असा, की युद्ध कधी थांबवायचं हे नेते खरंच घरची निवडणूक बघून ठरवतात, की हा आपला नंतरचा संशय? व्हिएतनामपुरतं माझं उत्तर ठाम 'हो' आहे. फक्त 'करार मतदानाच्या आधी उरकतात' हे गणित तिथे लागू पडत नाही.

३१ ऑक्टोबर १९६८ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचं मतदान ५ नोव्हेंबरला. फायदा त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार हम्फ्री यांना होणार, हे उघड होतं. पण विरोधी रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांच्या गोटातून, त्यांच्या समर्थक ॲना शेनॉल्ट यांच्यामार्फत, अमेरिकेचा मित्र असलेल्या दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीला, सायगावला, निरोप जात होते: थोडं थांबा. २ नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिऊ यांनी पॅरिसच्या शांतता बोलण्यांत सामील व्हायला नकार दिला. निक्सन निवडून आले, मतांमधला फरक एक टक्क्याहूनही कमी. थिऊ केवळ या निरोपामुळे अडले असं मी म्हणणार नाही. कम्युनिस्ट बंडखोरांसोबत एका टेबलावर बसणं त्यांनाही घरी परवडणारं नव्हतं.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो डिसेंबर १९७० चा. निक्सन यांचे सहकारी हाल्डमन यांच्या रोजनिशीत निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांचं मत नोंदलेलं आहे: १९७१ मध्येच पूर्ण माघार नको, नाहीतर १९७२ मध्ये तिकडे गडबड होईल आणि तिचा परिणाम निवडणुकीवर होईल. सैनिक रोज मरत असताना हा हिशेब चालला होता!

१९७२ मध्ये मात्र गंमत उलटी. नोव्हेंबरच्या मतदानाआधी, ऑक्टोबरमध्येच कराराचा मसुदा तयार होता, किसिंजर यांनी शांतता हाताशी आल्याचंही सांगून टाकलं. थिऊ पुन्हा अडले, कारण उत्तरेचं सैन्य दक्षिणेतच राहणार होतं. निक्सन यांना घाई नव्हती, ते डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्न यांच्या कितीतरी पुढे होते. घाई हनोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारला होती. निवडून आल्यावर निक्सन यांचे हात मोकळे होतील, ही धास्ती. ती खरी ठरली: डिसेंबरात हनोई-हायफाँगवर भीषण बॉम्बवर्षाव झाला.

मग २७ जानेवारी १९७३ ला सही झाली, जवळपास ऑक्टोबरच्याच अटींवर. या वेळी घड्याळ वेगळं होतं. जानेवारीत नवी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, बसली होती आणि दोन्ही सभागृहांतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी पहिल्याच आठवड्यात युद्धाचा पैसा तोडण्याच्या बाजूने पक्षबैठकांमध्ये कौल दिला होता.