वहिनीचं पहिलं बाळंतपण धडगावकडे माहेरी होणार आहे, हिमोग्लोबिन ८.२ आहे. धोका कितपत?

दादा, तुम्ही दिलेली माहिती अशी: वहिनी १९ वर्षांची, सातवा महिना, पहिलटकरीण, माहेर धडगावच्या वरच्या पाड्यावर, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘काही व्हत नही’. मी शहादा भागात बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलंय, त्यावरून सांगते.

पहिली गोष्ट रक्ताची. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की गंभीर. ८.२ मधल्या पायरीवर आहे. एरवी ती चालेल-फिरेल, पण बाळंतपणानंतर धडधाकट बाई जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढा हिला सोसणार नाही. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर घेऊ देऊ नका. चहाने लोह अंगी लागत नाही. गोळ्यांनी महिन्याभरात आकडा हलला नाही तर शिरेतून लोह देता येतं. पण आधी सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झालीय का, ते विचारा. सातपुड्यात हा आजार बराच आहे. वहिनीला तो निघाला तर लोह द्यायचं की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. ती नुसती वाहक निघाली तर तिच्यापुरती फारशी चिंता नाही, पण बाळासाठी तुमच्या भावाचीही तपासणी करून घ्या. रक्तगटही आत्ताच कार्डावर लिहून घ्या.

बीपी १४०/९० किंवा वर, डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त जाणं, कळा नसताना पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

आता खरी गोष्ट. कमी वय, उंची कमी, जुळं, आधीचं सिझर, दोन बाळंतपणांत कमी अंतर अशी जोखमीची यादी आम्ही भरतो आणि ती भरलीच पाहिजे. पण बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव होणाऱ्या कितीतरी बायका त्या यादीत कुठेच नसतात. सगळं नीट असतं, वार पडते, गर्भाशय आकसत नाही, आणि बघता बघता बाई पांढरी पडते. तिथे गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लगेच हाताशी लागतं. पाड्यावर ते नसतं. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की १०८ पण वर येऊ शकत नाही, झोळीतून खाली आणावं लागतं. म्हणून मी तरी वहिनीच्या धोक्यात हिमोग्लोबिनच्या बरोबरीने पाड्यापासून दवाखान्याचं अंतर धरते.

माहेरी जायला माझी ना नाही. पहिलटकरणीला आई जवळ हवीच असते. पण तारखेच्या आठवडाभर आधी तिला खाली आणा. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे, तिथे बाळंतपणाआधी राहता येतं. जवळच्या केंद्रात ते चालू आहे का, आशाताईंना विचारा. रक्त चढवायची वेळ आली तर कुठे न्यायचं, तेही ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता कोणाला विचारून निघायचं हा प्रश्नच उरू नये. आधी नवरा, मग सासरे, मग गाडीवाला, यातच तास जातो.

बाळाचं म्हणाल तर नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. अपुऱ्या दिवसांचं जन्मणं, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग ही मोठी कारणं. गूळपाणी, मध, घुटी नको, पहिल्या तासात आईचंच दूध. नाळेला काही लावू नका. लगेच आंघोळ नको. वजन अडीच किलोच्या आत असेल तर आईच्या छातीशी उघडं लावून वरून पांघरूण. बाळ ओढून पीत नसेल, अंग गार लागत असेल, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास असतील, छाती आत ओढली जात असेल तर लगेच न्या. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत अधूनमधून घरी येतात. वहिनी माहेरी राहणार असेल तर तिकडच्या आशाताईंचा नंबर आत्ताच घ्या, आणि कार्ड तिच्या पिशवीतच राहू द्या.

तारीख लिहायची राहिली तुमची. जुलै-ऑगस्टमधली असेल तर आठवडा नको, पंधरा दिवस आधीच खाली आणा.