श्री पद्धत आणि बाकीच्या सुधारित भात लागवडी छोट्या शेतकऱ्याला खरंच परवडतात का?

तुम्ही विचारलंय की शेत दोन एकराच्या आत, घरात कामाला दोघंच, तर श्री पद्धत करावी की हे सगळं प्रात्यक्षिकाच्या प्लॉटपुरतंच चांगलं दिसतं. उत्पन्न वाढू शकतं, ते खरं. पण परवडतं की नाही हे पोत्यांवर ठरत नाही हो, लावणीनंतरच्या महिन्यात तुमच्याकडे किती हात आहेत आणि खाचरातलं पाणी तुमच्या ताब्यात आहे का, यावर ठरतं. मी केलंय म्हणून सांगतो, आणि पहिल्या वर्षी तोंडावर आपटलोय ते पण सांगतो.

श्री पद्धत (इंग्रजीतलं SRI, System of Rice Intensification) म्हणजे मादागास्करमध्ये १९८३ च्या सुमारास हेन्री द लोलानिए या फ्रेंच पाद्र्याने शेतकऱ्यांसोबत राहून जमवलेली पद्धत. रोप ८ ते १२ दिवसांचं, दोन पानांवर असतानाच लावायचं, एका ठिकाणी एकच, २५ बाय २५ सेंमीवर, आणि पाणी साठवायचं नाही, फक्त ओल ठेवायची. यामागचं लॉजिक मला पटतं. भाताचं रोप चौथ्या पानाच्या आसपास फुटवे (बुडातून निघणाऱ्या नव्या काड्या) काढायला लागतं, आणि आपण नेमकं त्याच वेळी किंवा त्यानंतर ते उपटून मुळं तोडतो, मग ते आठवडाभर पिवळं पडून बसतं आणि सुरुवातीचे फुटवे गेले ते गेलेच. लहान रोप मातीसकट अलगद उचललं तर त्याला पत्ताच लागत नाही की आपण हललोय. बियाणं तर इतकं कमी लागतं की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही, हेक्टरी ५ ते ८ किलो, नेहमीच्या पद्धतीत ४० च्या पुढे सहज जातं.

आता गोम कुठेय बघा. भात हे काही पाण्यातलं झाड नाही, आपण पाणी भरून ठेवतो ते मुख्यतः तण दाबायला. पाणी काढलं की तण येणार, मग कोनोवीडर (ओळींमधून हाताने ढकलायचं तण काढायचं अवजार) फिरवायचा, लावणीनंतर १० दिवसांनी पहिला आणि मग दर दहा दिवसांनी असे तीन-चार वेळा, दोन्ही बाजूंनी. आणि दोन्ही बाजूंनी फिरायचा असेल तर लावणी दोरी धरून चौकोनातच हवी, म्हणजे लावणीलाच जास्त वेळ. म्हणजे तुम्ही पाणी वाचवलं ते घामाने भरलं. कोनोवीडर फिरवला की मातीत हवा खेळते, मुळं पांढरी राहतात, फायदा आहेच, पण फिरवणार कोण?

मादागास्करमध्येच नेमकं हे झालं. मोझर आणि बॅरेट या संशोधकांचा २००३ सालचा अभ्यास आहे, त्यात दिसलं की उत्पन्न वाढत असूनही करून बघितलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पद्धत सोडून दिली. कारण जादा मजुरी लागते नेमकी त्या दिवसांत जेव्हा गरीब घरातलं धान्य संपलेलं असतं आणि रोजच्या पैशासाठी दुसऱ्याच्या शेतावर जावं लागतं. लोक याला आळस म्हणतात तेव्हा मला राग येतो. ज्याला आज संध्याकाळची सोय करायचीय तो चार महिन्यांनंतरच्या जादा पोत्यासाठी स्वतःच्या खाचरात कसा थांबेल? (हेक्टरी १५-२० टनाचे जे दावे फिरतात त्यावर शास्त्रज्ञांचीच जोरदार भांडणं झालीत, ते आकडे डोक्यात धरू नका.)

माझी चूक अशी झाली की सगळ्या शेतात एकदमच केलं. खालच्या खाचराचा निचरा नव्हता, लावणीनंतर चौथ्या दिवशी जोराचा पाऊस झाला, बोटभर रोपं तीन दिवस पाण्याखाली, अर्धी कुजली. गादीवाफ्यात जादा रोपं ठेवलीच नव्हती कारण बियाणं कमी लागतं याचं फार कौतुक होतं ना मला! वरच्या खाचरात मात्र एकेका चुडाला (एका जागी लावलेल्या रोपाला) इतके फुटवे होते की बघत राहावं.

आता मी अख्खं पॅकेज करत नाही. रोप १२ ते १५ दिवसांचं, चुडात दोन, ओळी एकाच दिशेने सरळ, म्हणजे वीडर एका बाजूने तरी जातो आणि उरलेलं हाताने. जाणकार याला श्री म्हणणार नाहीत, न म्हणेनात.

पाण्याचं म्हणाल तर पाइपवाली पद्धत सगळ्यात सोपी. ३० सेंमीचा पाइप, खालच्या अर्ध्या भागाला भोकं, तो अर्धा भाग जमिनीत. आतलं पाणी जमिनीपासून १५ सेंमी खाली गेलं की परत ५ सेंमी भरायचं, फक्त फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर आठवडाभर पाणी तुटू द्यायचं नाही. ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं आणि भरलेल्या खाचरातून निघणारा मिथेन वायू पण बराच कमी होतो. पण तुमची पाणीपट्टी क्षेत्रावर असेल तर वाचलेल्या पाण्याचा खिशाला काही उपयोग नाही, तो खालच्या शेजाऱ्याला. स्वतः पंपाने उपसत असाल आणि डिझेल जळत असेल तर मात्र उद्याच पाइप ठोका.

युरियाच्या ब्रिकेटचं (दाबून केलेल्या गोळ्यांचं) पण तसंच. फेकून टाकलेल्या युरियातला जेमतेम तिसरा हिस्सा पिकाला मिळतो, चार चुडांच्या मध्ये एक गोळी ७ ते १० सेंमी खोल खुपसली तर खत कमी लागतं, पण खुपसायला कंबर तुमचीच वाकणार.

तुम्ही दोघंच आहात तर पाच-सहा गुंठे घ्या, ज्याचं पाणी बांध फोडून बाहेर काढता येतं असं वरचं खाचर, आणि रोपं थोडी जास्तीची टाका. कोनोवीडर लगेच विकत घेऊ नका, कुणाकडून तरी मागून आणा, चिखलात दोघांनी दोन-दोन ओळी ढकलून बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदे काय म्हणतात ते बघून ठरवा.