आमच्या चाळीच्या पुनर्विकासाला पाच-सहा भाडेकरू सही देत नाहीत. त्यांना कसं समजवायचं?

तुम्ही लिहिलंय की बिल्डर चांगला आहे, ३०० ऐवजी ४०५ फूट देतोय, बाकी सगळे तयार आहेत आणि हे पाच-सहा आडमुठे लोक अख्ख्या चाळीचं नुकसान करतायत. आमच्या लालबागच्या चाळीत हा आडमुठा माणूस म्हणजे माझे वडील. त्यामुळे उत्तर एकतर्फी येणार, हे धरून चला.

बाबा मिलमध्ये फिटर होते. ८२ च्या संपात मिल गेली, मग भायखळ्याला एका लेथच्या वर्कशॉपमध्ये लागले. मापात अर्धं सूत इकडेतिकडे झालं तरी त्यांचं डोकं फिरायचं. आमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत, खोली १८० फुटांची, संडास गॅलरीच्या टोकाला. बाबांना नवं घर नको होतं असं अजिबात नाही. गुडघे गेल्यावर त्या टोकापर्यंत जाणं म्हणजे काय, ते त्यांनाच विचारायला हवं होतं. 'चाळ संस्कृती'वर हळवे लेख लिहिणारे बहुतेक जण अटॅच्ड बाथरूममधून लिहितात.

तर बिल्डरने शेजारच्या गल्लीत प्लायवूडच्या भिंतींचा सँपल फ्लॅट उभा केला. एका रविवारी सगळ्यांना वडापाव आणि कोल्ड्रिंक. आई ओट्यावरून हात फिरवत होती, बायका टाइल्स बघत होत्या. बाबांनी खिशातून स्टीलचा टेप काढला आणि मला दुसरं टोक धरायला लावलं. भिंत ते भिंत, खोलीगणिक. आकडे सिगरेटच्या पाकिटाच्या पाठीवर. सांगितलेले ३००, भरले २७४. उरलेले कुठे गेले म्हणून विचारलं, तर खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड आणि दाराजवळचा कोनाडा धरून ३०० होतात, असं उत्तर आलं. ही २०१२ च्या आधीची गोष्ट. तेव्हा फ्लॉवर बेड आणि असले कोनाडे एफएसआयमध्ये, म्हणजे जागेवर किती बांधता येईल त्या मर्यादेत, मोजलेच जात नव्हते, म्हणजे बिल्डरला फुकट आणि आम्हाला मात्र 'कार्पेट', म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, म्हणून. मग बाबांनी पलंग मोजला. साडेपाच फुटांचा. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच छोटा बनवून आणला होता. बिल्डरचा माणूस हसत म्हणाला, "काका, टेप घरी ठेवा, विश्वास ठेवा." सगळे हसले. बाबांनी सही केली नाही.

कराराचा मसुदा तर त्याहून भारी. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, नोंदणी नाही. बांधकाम चालू असताना बाहेर राहायला बिल्डरने द्यायच्या भाड्याचा आकडा 'परस्पर संमतीने ठरेल'. घर किती दिवसांत देणार, याची ओळच नाही. आणि सोबत रद्द न करता येणारं कुलमुखत्यारपत्र.

त्यानंतरचे दिवस तुमच्या चाळीतल्या त्या पाच-सहा जणांच्या घरी आत्ता चालू असतील. गणपतीत आरतीच्या यजमानांच्या यादीतून बाबांचं नाव गळलं. आई नळावर गेली की बोलणं थांबायचं. आणि घरातूनच मोठा विरोध म्हणजे दादा. तो लग्नानंतर डोंबिवलीला गेलेला, पण दर रविवारी येऊन हिशेब मांडायचा, टॉवरमधल्या फ्लॅटला किती येतील, त्यातले किती कुणाचे. आजही बारसं असो की बारावं, त्याचं पालुपद ठरलेलं: "बाबांनी हट्ट केला नसता तर कधीच टॉवरमध्ये गेलो असतो."

टॉवरमध्ये नाही, खड्ड्यात गेलो असतो. त्याच बिल्डरला आमच्याच गल्लीपलीकडच्या इमारतीने बिनबोभाट सह्या दिल्या. इमारत रिकामी झाली, पाडली, पाया खणला आणि काम थांबलं. भाड्याचे चेक परत यायला लागले. माणसं विरार-बदलापूरला पांगली. आम्ही गॅलरीतून हिरव्या जाळीमागे साचलेलं पावसाचं पाणी बघायचो. मग आमच्या चाळीतल्या लोकांना बाबांचा टेप आठवला. पुढे दुसऱ्या बिल्डरशी करार झाला, प्रत्येकाचा वेगळा, नोंदणीकृत, भाडं आगाऊ. आज आई तिथेच राहते.

हे आमच्यापुरतंच आहे असं वाटत असेल तर गोरेगावच्या पत्रा चाळीचं उदाहरण घ्या. ६७२ कुटुंबं, २००८ चा करार. बिल्डरने काम टाकलं, भाडं बंद झालं, शेवटी म्हाडाला, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण मंडळाला, प्रकल्प हातात घ्यावा लागला, आणि लोक दीड दशकाच्या वर घराबाहेर राहिले. याउलट मुंबईतल्या सरकारी बीडीडी चाळी. तिथे बिल्डरच्या जागी म्हाडा, १६० फुटांच्या खोलीला ५०० फूट, तरी २०१७ ला भूमिपूजन आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये. सरकार मागे उभं असताना आठ वर्षं. तुमचा बिल्डर किती म्हणतोय? तीन?

माझं स्पष्ट मत आहे की पुनर्विकासाला भाडेकरूंच्या संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ वर आणली ती भाडेकरूंच्या भल्यासाठी नाही. घरमालकाला महिन्याला गणपतीच्या वर्गणीइतकंही भाडं मिळत नाही, तो डागडुजी करणार नाही, हे मान्य. म्हणून पुनर्विकास हवाच. पण ७० ची अट होती तेव्हा बिल्डरला शंका काढणाऱ्याच्या दारात यावं लागायचं. आता निम्म्यांना गोड बोललं की झालं.

आणि ज्यांचं बिऱ्हाड चाळीत नाही, त्यांनी सभेत सगळ्यात मोठ्याने बोलू नये. घर रिकामं करून भाड्याच्या खोलीत कोण जाणार आहे? भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ७(१५) बघा. भाडेकरू वारला की हक्क आधी त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे जातो, वारसांचा नंबर तसं कुणी नसेल तरच. हे मी दादाला किती वेळा वाचून दाखवलं असेल! गंमत म्हणजे संगमेश्वरकडे गावच्या घराच्या बाबतीत हाच दादा उलट्या बाजूला बसलाय. पडवी बसली, कौलं गळतात, चुलतभावाने होमस्टेसाठी पार्टी आणली. दादा म्हणतो, सगळ्या हिस्सेदारांचं वाटप लेखी झाल्याशिवाय एक चिरा हलवायचा नाही. बरोबरच आहे त्याचं. मात्र गावात तो जागरूक आणि लालबागला बाबा हट्टी, हे गणित मला कुणीतरी सोडवून द्यावं.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर समजवायला जाऊ नका, कागद घेऊन जा. प्रत्येकाच्या नावाचा नोंदणीकृत करार, पूर्ण काळाच्या भाड्याची बँक गॅरंटी, घर देण्याची तारीख, आणि विक्रीच्या इमारतीच्या आधी आपली इमारत. बिल्डर 'रेरा आहे ना' म्हणेल. रेरा हा बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा मुख्यतः फ्लॅट विकत घेणाऱ्यासाठी आहे, जुन्या भाडेकरूला आधार त्याच्या कराराचाच. ४०५ फूट कुठून कुठपर्यंत, ते नकाशावर लिहून घ्या. एवढं आणलंत तर सहापैकी चार जण सही करतील.

एक सांगायचं राहिलं. तुमची इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी जागा खाली करा, भांडण बाहेर राहून चालवा. २०१७ मध्ये पाकमोडिया स्ट्रीटची हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. आमच्या चाळीला तशी नोटीस नव्हती, म्हणून बाबांना थांबणं परवडलं. आणि हो, सही न देणाऱ्यांत एखादा खालून पैसे मागणाराही असतो, आमच्याकडेही एक होता. अशांसाठी म्हाडा कायद्यात ९५-अ आहे, पुरेशी संमती आणि एनओसी झाल्यावर अडून बसलेल्याला थेट बाहेर काढता येतं. पण बिल्डर त्याची धमकी सगळ्यांना सरसकट देतो. तुमच्याकडे दिली असेल तर सभेच्या इतिवृत्तात तसं लिहून ठेवा.